माशाचं दूध

बाळ पाच महिन्यांचं झालं आणि बाळंतीण प्रयोगशाळेत पुन्हा रुजू झाली. पहिल्याच दिवशी गणित्या ओरडला, "आली का बाळंतीण!" आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. गणित्या म्हणजे जनुकांची आकडेमोड करणारा. त्यानं मासा पाहिला तो फक्त ताटात.

तिचं काम मात्र ओल्या हातांचं. अंडी न घालता थेट पिलं देणारा एक समुद्री मासा तिथल्या टाक्यांत वाढवला होता. आईच्या पोटात ही पिलं जगतात कशावर, आणि तेव्हा आईची कोणती जनुकं कामाला लागतात, ते शोधायचं. त्यासाठी गाभण मादीच्या पोटातला थेंबभर रस बारीक नळीनं काढून तपासायला पाठवायचा. हे काम तिनं भांडून मागून घेतलं होतं. "बाळ लहान आहे, झेपेल?" असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दोनदा विचारलं, तेव्हा तिनं होकारार्थी मान इतकी हलवली की शेवटी मान धरलीच.

आज निकाल आला. गणित्या खुर्चीसकट घरंगळत तिच्या टेबलापाशी पोचला.

"बाळंतीणबाई, तोंड गोड करा! तुमची मासोळी दूध पाजते! दुधातली प्रथिनं बनवणारी जनुकं यादीत सगळ्यात वर. तीनच्या बैठकीत मॅडम जाहीर करणार."

तिनं यादी पुढे ओढली. दुधाची जनुकं एकाच नमुन्यात होती, नऊ तारखेच्या.

नऊ तारीख तिला लख्ख आठवली. दूध काढायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती नमुन्यांच्या खोलीत कडी लावून पंप घेऊन बसली होती. आईचा फोन आला, "अगं, रडून रडून लाल झालाय!" गडबडीत बाटली कलंडली, बाही भिजली. तेवढ्यात टाक्या सांभाळणाऱ्या काकांची दारावर थाप, "मादी गुंगीत आहे, चला!" आणि ती कोट न बदलताच धावली होती.

"गणित्या, हे दूध माशाचं नाही. माझं आहे."

"म्हणजे मी सकाळपासून नाचतोय ते…"

"माणसाच्या जनुकांशी ताडून बघ."

त्यानं ताडून पाहिलं. अक्षर न अक्षर जुळलं. तो हळूच म्हणाला, "नमुना गुपचूप गाळून टाकू. कशाला बोंब मारायची?"

"आणि का गाळला विचारलं, तर?" ती उठली. आता काम हातचं जाणार, घरी बसावं लागणार, हे धरूनच तिनं मॅडमचं दार ढकललं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. आणि खो-खो हसल्या.

"माझ्या पहिल्या माशात सर्दी निघाली होती! नमुन्यावर मीच शिंकले होते. आठ महिने माशांच्या सर्दीवर भाषणं ठोकत हिंडले, खरं सांगायचा धीर झाला नाही. तू तासाभरात आलीस."

"मग काम…?"

"तुझंच. गाभण माद्या किती उरल्यात?"

"एकच. आज-उद्या मोकळी होईल."

"मग इथे काय करतेस? पळ! आणि हे बघ, उद्यापासून दुपारी एक वाजता दूध काढायला ही खोली तुझी. दाराला कडी आहे. मी बाहेर बसून जेवेन."

नवा कोट, कोपरापर्यंत हातमोजे. काका म्हणाले, "सावकाश, बाई." रसाचा स्वच्छ थेंब नळीत चढला, कुपीत बंद झाला, तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

मादीला टाकीत सोडून तास उलटला नाही, तोच पाण्यात काळे ठिपके वळवळायला लागले. शेकडो पिलं, चिमटीएवढीसुद्धा नाहीत, आणि आल्या-आल्या भक्ष्यामागे धावत सुटलेली.

"यांना आता आई काय देते?" मागून डोकावत गणित्यानं विचारलं.

"काही नाही. जन्मल्यापासून स्वतःचं स्वतः खातात."

"रात्री उठवत नाहीत?"

"अजिबात नाही," बाळंतीण म्हणाली, आणि तिला त्या माशाचा मनापासून हेवा वाटला.