मी रोशेलची नव्हते

मी एक गोळ्यांची बाटली. बोलतेय, पण मान खाली घालून.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका कॉलेजच्या दवाखान्यात नर्सबाईंनी मला केंड्रियाच्या हातात दिलं. "रोज एक गोळी. एचआयव्ही होऊ नये म्हणून. आणि कंडोम सोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या काळ्या पोरींना हे कुणी सांगतच नाही, म्हणून मी सांगते."

केंड्रियाचा मित्र तपासणीचं नाव काढलं की चिडायचा. तिने निदान स्वतःची काळजी घेतली. मला तिचं कौतुक वाटलं. पण खोलीवर येताच तिने माझ्यावरचं आपलं नाव नखाने खरवडलं आणि मला मोज्यात कोंबून खणात टाकलं.

एका शनिवारी तिची आई तळलेलं चिकन आणि धुतलेले कपडे घेऊन आली. कपडे खणात लावताना मी तिच्या हाती लागले. तिने औषधाचं नाव फोनवर शोधलं.

"अगं बाई, ही तर एड्सची गोळी! कुणाची?"

"रोशेलची," केंड्रिया पटकन म्हणाली. "तिने ठेवायला दिलीय."

रोशेल तिच्याच खोलीत राहायची. दोघी एकाच गावच्या, एकाच चर्चच्या. दुसऱ्या दिवशी ती तिथे गायला गेली आणि संध्याकाळी परतली ती रडतच.

"गाताना शेजारची बाई माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली गं. प्रार्थनेत कुणी माझा हात धरला नाही. मी काय केलं?"

केंड्रिया बुटाची नाडी बांधत राहिली. मी हातभर अंतरावर होते. माझा आवाज त्यांना ऐकू गेला असता तर!

आठ दिवस केंड्रियाने मला हात लावला नाही. नवव्या दिवशी तिने मला रोशेलसमोर ठेवलं. "माझी आहे. मी आईला तुझं नाव सांगितलं."

रोशेलने फोन तिच्यापुढे सरकवला. "आईला फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."

केंड्रियाने सगळं सांगितलं.

"तुला झालंय का?" आईने विचारलं.

"नाही गं. होऊ नये म्हणून घेते."

"आणि मी चर्चमध्ये त्या पोरीचा उष्टा कप कचऱ्यात टाकला," आई म्हणाली. "सगळ्यांदेखत."

पुढच्या रविवारी आईने चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली म्हणे. गोळ्यांत खंड पडला म्हणून नर्सबाईंनी केंड्रियाची पुन्हा तपासणी केली, मग गोळ्या परत सुरू केल्या. रोशेल मात्र दुसऱ्या खोलीत राहायला गेली.

आता मी टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी उभी असते. लाज वाटावी असं माझ्यात काही नव्हतंच, तरी मला मोज्यात लपवलं आणि लाज दुसरीच्या माथी गेली. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात असेल तर तिला उजेडात ठेवा.

रोशेलच्या रिकाम्या खाटेवर केंड्रिया आता पुस्तकं ठेवते. झोपताना मात्र त्या खाटेकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करते.