कोपऱ्यातली सही

माझा आवाज चढला की शेजारच्या खोलीतले लोक हळूच दार लोटून घेतात, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तो चढला, कारण जाहिरात कंपनीच्या माणसाने टेबलावर पोस्टरचा नमुना पसरला आणि त्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘अखेरची चित्रं’.

“हे कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?” मी विचारलं.

त्याने संचालकांकडे पाहिलं आणि संचालकांनी चहाच्या कपात.

चित्रं माझ्या आत्याची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि आता मी ज्या कलासंग्रहालयाची प्रसिद्धी सांभाळते तिथेच तिचं मोठं प्रदर्शन होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. आत्याला कळू द्यायचं नाही, हे मी परस्पर ठरवून टाकलं. तिचे उरलेले दिवस तरी धास्तीत जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं. संचालकांना मात्र सांगावं लागलं, नाहीतर तारीख अलीकडे आली नसती. त्या माणसाच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

“मॅडम, हा शब्द गर्दी खेचतो,” जाहिरातवाला म्हणाला. “लोक नंतर हळहळतात. आपण त्यांना आधीच बोलावतोय.”

“स्वतःच्या आईसाठी छापाल का हो असं?”

हा शब्द कुठेही दिसला तर मी त्या क्षणी नोकरी सोडेन आणि टीव्हीवाल्यांसमोर संचालकसाहेबांनीच उभं राहावं, असं मी बजावलं. कॅमेरा पाहिला की साहेबांची बोबडी वळते. शब्द गेला. पोस्टरवरून, रेडिओवरून, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून, सगळीकडून. पुढचा प्रत्येक मजकूर मी डोळ्यांत तेल घालून तपासला, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर जाम खूश होते.

पोस्टरवरच्या चित्रात मात्र लहानपणीची मीच होते. स्टुलावर बसलेली मुलगी, तिच्यामागे वेणी घालणारी बाई. बाईच्या हातांच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. एका समीक्षकाने त्यावर लांबलचक लेख लिहिला, की न दिसणारे हात म्हणजे मातृत्वाची पोकळी वगैरे. आत्या खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, “अगं, मला हात जमले नाहीत, एवढंच आहे ते.”

आत्याची एक रीत होती. चित्र पुरं झालं असं मनापासून वाटल्याशिवाय ती सही करायची नाही, मग त्याला वर्षं लागोत. एकदा सही केली की त्या चित्राला पुन्हा ब्रश लावायचा नाही. हे चित्र तिने बिनसहीचंच दिलं होतं. “अर्धवट आहे. असंच लावा. नंतर मी परत नेणार आहे,” असं म्हणाली होती.

तपासणीसाठी तिला दवाखान्यात नेत होते. सिग्नलला गाडी थांबली आणि समोर तीन मजली इमारतीएवढा आमचा फलक. नको तो शब्द त्यावर नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. “छान छापलंय ना?” मी म्हटलं.

आत्याने काच खाली केली. फलक वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग म्हणाली, “सही कुणी केली?”

खालच्या कोपऱ्यात तिची सही होती, कुठल्यातरी जुन्या चित्रावरून उचललेली. कोपरा रिकामा दिसतो म्हणून जाहिरातवाल्याने चिकटवली असणार. माझ्या नजरेखालून ती दहादा गेली होती. मी शब्द हुडकत बसले होते.

“उद्याच्या उद्या काढायला लावते,” मी म्हटलं.

“ते नाही विचारत. माझं काम संपलं, असं त्यांना कुणी सांगितलं?” ती माझ्याकडे वळली. “तारीख अलीकडे आणलीस. हल्ली माझ्याशी भांडतही नाहीस. डॉक्टर काय म्हणाले?”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझ्याने खोटं बोलवलं नाही. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि सगळं सांगितलं, तो शब्दसुद्धा.

ती रडली नाही. रागावली. “माझे दिवस होते गं ते. मला वाटलं, वेळ आहे. कपाटं आवरत बसले मी, पडदे धुतले. हात काय, सावकाश करू म्हटलं.” मग बाहेर बघत म्हणाली, “ते चित्र घरी आण.”

मी गाडी पुन्हा सुरू केली.

संचालक अक्षरशः कपाळाला हात लावून बसले. शहरभर हेच चित्र लावलंय आणि भिंतीवर हेच नाही, लोक आपल्याला जोड्याने मारतील, म्हणाले. मी वाद घातला नाही. चित्र कापडात गुंडाळलं आणि घरी घेऊन गेले. उद्घाटनाला भिंतीवर फक्त खिळा होता आणि खाली नावाची पट्टी. पत्रकारांना वाटलं, ही नवी शक्कल. लोक त्या रिकाम्या जागेपाशी फोटो काढू लागले. “काय डोकं लावलंय,” असं जो तो म्हणत होता आणि जाहिरातवाला हसून मान तुकवत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आत्या घरी दार लावून काम करायची. कण्हणं बाहेर ऐकू यायचं, पण आत जायची मला परवानगी नव्हती. एका दुपारी तिने हाक मारली.

हात झाले होते. चित्रातली बाई तरुण होती, पण हात आत्याचे आजचे होते, शिरा वर आलेले, मनगटापाशी सुईच्या जागी कापूस आणि चिकटपट्टी. वेणीचे पेड तिने घट्ट ओढून धरले होते. लहानपणी मी त्या ओढीने कळवळायचे. खालच्या कोपऱ्यात सही होती, अजून ओली.

मी उंबऱ्यावर बसले.

“वाळलं की ने,” आत्या ब्रश पुसत म्हणाली. “आणि तुमच्या जाहिरातवाल्याचा तो शब्द आता घाला.”

“मी नाही घालणार.”

“तूच घालायचास. तुझं कामच आहे ते.”

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि वर्तमानपत्रांसाठी बातमी लिहायला घेतली. ती मागे येऊन उभी राहिली, माझ्या खांद्यावर भार टाकून. मी तो शब्द लिहिला. तिने चष्मा लावून ओळ वाचली आणि म्हणाली, “सही झालीय, तेही लिही.”

मी लिहिलं.