हैबतरावांची पायली

माझं डोकं फिरायला सुरुवात झाली ती पाळकसाहेबांच्या उपदेशापासूनच. कापणीचा सण, चर्चच्या पत्र्यावर नोव्हेंबरचं ऊन तापलेलं, आणि विषय दरवर्षीचाच: मोकळ्या हाताने द्या, मालमत्तेत जीव अडकवू नका. ऐकणारी आमची भरे गावची मंडळी म्हणजे सारी तीस घरं. दानाची पिशवी पुढे आली की निम्मे खिशात सुट्टे चाचपतात, उरलेले प्रार्थनेला बसल्यासारखे डोळे मिटून घेतात. यंदा भिंतीवर क्यूआर कोड लावला, तर म्हणे रेंज नाही. महिला संघाची सेक्रेटरी म्हणून मी हे सगळं बारा वर्षं बघतेय. त्या दिवशीही मी चरफडतच बसले होते.

आमचं घर तसलं नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं. माझे सासरे हैबतराव, आमचे आबा, याच मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, होते. दर सणाला नव्या इंद्रायणी तांदळाची पहिली पायली त्यांची असायची, वर शीग लावलेली, एक दाणा खाली सांडला तरी उचलून परत शिगेवर ठेवायचे. पायली पितळेची, चांगली जड, जाड बुडाची. ते गेल्यावर मी दरवर्षी ती चिंचेने घासते, तशीच शीग लावते आणि वेदीपुढच्या टेबलावर नेऊन ठेवते. लोक वळून बघतात. बघावं असं मला वाटतंही, खोटं कशाला बोलू?

उपासना संपली की टेबलावरच्या वस्तूंचा लिलाव होतो. भोपळे, अंडी, नाचणी, कुणाच्या हातचं लोणचं. जो घेईल त्याने न्यायचं, पैसे देवाच्या कामाला. आमचा तांदूळ कुणीतरी पिशवीत ओतून घेतो आणि पायली घरी परत येते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कधी कुणी बोललं नाही आणि कुठे लिहून ठेवलं नाही.

यंदा लिलाव पुकारायला अमोघला उभं केलं. मारुंजीच्या सोसायटीत राहणारा आयटीतला मुलगा, वर्षभरापासून बायकोला, सोनियाला, घेऊन आमच्या चर्चला येतो. आवाज मोठा, विनोद भरपूर, रीतभात शून्य. मी मागे चुलीपाशी रश्श्याचं मीठ बघत होते आणि माइकवरून ऐकू आलं, "आता ही अँटीक पितळी पायली, आतल्या तांदळासकट! बोला!"

मी पळी हातात घेऊनच आत धावले.

"अहो, पायली नाही द्यायची. नुसता तांदूळ."

अमोघ गोंधळला. त्याने पाळकसाहेबांकडे बघितलं आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे. त्यांचा चेहरा इतका अवघडलेला होता की मला पुढचं वाक्य आधीच कळलं.

"अपेक्षाताई, गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात. टेबलावर ठेवलं ते देवाचं."

म्हणाले होते. याच माइकवर. चंद्राबाईने अंडी आणली होती स्टीलच्या नव्या डब्यात, आणि अंड्यांबरोबर डबाही विकला गेला. डबा परत मिळेल का, असं तिने मला हळूच विचारलं. मी तिला हळूच सांगायचं सोडून सगळ्यांसमोर सांगितलं, कारण लोकांना एकदा शिस्त लागायलाच हवी होती. चंद्राबाई "बरं" म्हणाली आणि रिकाम्या हाताने घरी गेली. ही चंद्राबाई आमच्या वावरात वीसेक वर्षं कामाला होती. विधवा बाई, सत्तरीची, चार शेळ्यांवर जगते.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मग मी बोली लावते. पाचशे."

माझा नवरा निरंजन पुरुषांच्या बाजूला बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "जाऊ दे की. दुसरी घेऊ."

दुसरी! त्याच्या बापाची पायली आणि हा दुसरी घेऊ म्हणतो. चांदे गावाकडची दीड एकर विकल्यापासून याला सगळं दुकानात मिळतं असं वाटायला लागलंय.

"हजार!" सोनिया म्हणाली. "सो क्यूट आहे ना. बाल्कनीत प्लांट लावीन मी. बुडाला एक भोक पाडून घेतलं की झालं, पाणी जायला."

भोक म्हटल्यावर माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दोन हजार म्हणाले, ती अडीच. मी तीन. आणि तेवढ्यात मागच्या चटईवरून आवाज आला.

"चार हजार."

चंद्राबाई उठून उभी राहिली होती. सोनियाने लगेच हात जोडले, म्हणाली, आजींना घेऊ दे. शहाणी मुलगी. मलाही तेव्हाच गप्प बसता आलं असतं. पण मला वाटलं, ही गेल्या वर्षीच्या डब्याचा राग काढतेय. मला मंडळीसमोर खाली बघायला लावतेय.

"पाच," मी म्हणाले.

"सा."

"चंद्रामावशी, कशाला उगाच? सात."

"आठ हजार," ती म्हणाली. "परवाच दोन बोकडं इकली हायेत. पैकं हायेत माज्याकडं."

मी दहा म्हणाले. एवढ्या जोरात म्हणाले की एक लहान पोर रडायला लागलं. चंद्राबाईने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि ती खाली बसली. "घे बाय," म्हणाली. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी माइक घेऊन माझ्या उदारपणाबद्दल देवाचे आभार मानले. मला तेव्हा उदार वगैरे काही वाटत नव्हतं. माझी वस्तू मी परत मिळवली होती, एवढंच.

जेवणं सुरू झाली. तांदूळ मी तिथल्या तिथे भाताच्या पातेल्याजवळ ओतला आणि रिकामी पायली काखेत मारून चंद्राबाईशेजारी जाऊन बसले. राग गिळवत नव्हता.

"मावशी, डबा पाहिजे होता तर मला मागायचा. मी चार डबे दिले असते. पायली कशाला हवी होती तुम्हाला?"

"डब्याचं काय न्हाई गं." तिने पत्रावळीवरचा भात कालवला, पण घास घेतला नाही. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आली. "ती पोरगी भोक पाडणार म्हनली. पाडलं असतं तर आतलं बूड हाताला आलं असतं. समद्या मंडळीत झालं असतं. म्हनलं, आपुन घ्यावी आन गपचिप ठिवून द्यावी."

"आतलं बूड?"

"दोन बुडं हायेत तिला."

मला काहीच कळेना. तिने माझा हात धरून पायलीत घातला. आतून बूड एका वितीला लागलं. मग तोच हात तिने बाहेरून लावला. एक वीत, आणि वर चार बोटं.

बारा वर्षं मी ही पायली घासतेय. बूड जाड आहे म्हणून कौतुक करतेय.

"रोजाला पायलीभर भात ठरल्याला आमचा," चंद्राबाई सांगत होती, जसं एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल सांगावं. "घरी जाऊन आमच्या शेरानं मोजला की तीनच शेर भरायचा. पायलीचं चार शेर व्हत्यात ना? पयल्यांदा वाटलं, वाटंतच सांडला. मग एकदा तुज्या सासूनं मलाच वढ्यावर घासाय दिली, तवा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? तेंच्या हातचं काम सुटलं असतं तर पोरास्नी काय घातलं असतं?"

मी निरंजनकडे बघितलं. तो समोरच्या पंगतीत होता आणि आमच्याकडेच बघत होता. त्याच्या तोंडातला घास तसाच होता. मी उठून त्याच्यापाशी गेले.

"तुला माहीत होतं?"

"हळू बोल." तो पत्रावळीकडे बघत म्हणाला. "आबांनी नाही केलं ते. त्यांच्या आधीपासूनच तशी होती."

"पण आबांना माहीत होतं. आणि तुला पण."

"अपेक्षा, घरी जाऊन बोलू."

म्हणजे देवापुढे शीग लावायची तीही याच पायलीवर. मला हैबतरावांचा राग आला, निरंजनचा आला, आणि इतकी वर्षं तोंड दाबून बसलेल्या त्या म्हातारीचाही आला. सगळ्यात जास्त माझाच आला. चंद्राबाई बोकडांचे पैसे घालून आमच्या घराची अब्रू झाकायला उभी राहिली होती, आणि मी तिच्यावर बोली चढवत बसले होते. मी परत तिच्याजवळ गेले.

"मावशी, उद्या सकाळी भात पाठवते तुमच्याकडे. वीस वर्षांचा जेवढा राहिला असेल तेवढा सगळा. दोन पोती, चार पोती, किती होईल ते."

"आन मोजशील कशानं?" ती म्हणाली. टोचून नाही, साधंच विचारलं. "गप बस. जिलेबी घे."

तिने स्वतःच्या पत्रावळीवरची जिलेबी माझ्या हातावर ठेवली. ती जिलेबी मला तोंडात घालता येईना आणि खाली ठेवता येईना.

सोनिया हात पुसत बाहेर चालली होती. मी तिला थांबवलं.

"भोक पाडायला ड्रिल कुठून आणणार होतीस?"

"अमोघच्या गाडीत आहे की. नवीन फ्लॅटचे पडदे लावतोय ना. का हो ताई?"

"आणायला सांग त्याला. आत्ता."

"अपेक्षा!" निरंजन उठून उभा राहिला. पंगतीतले लोक जेवायचे थांबले. मी वेदीपुढच्या टेबलावरची भोपळ्याची पानं बाजूला केली आणि पायली तिथे पालथी ठेवली. अमोघ ड्रिल घेऊन आला आणि काही न कळून माझ्याकडे बघत राहिला.

चंद्राबाई अर्ध्या जेवणावरून उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि टेबलापाशी आली.

"येडी हायेस," ती मला म्हणाली. मग तिने पायली दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. "चालू दे रं पोरा. धरते म्या, न्हाईतर हालंल."