वरच्या डोहातले शिंपले

१९७६ साली आलेलं ते पत्र वासुदेवरावांनी पाठ होईस्तोवर वाचलं होतं. उत्तर मात्र सात वर्षं दिलं नव्हतं. हिंगणघाटच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत. गावच्या वणा नदीतले शिंपले मरताहेत, असं त्यांनीच भीतभीत किनाऱ्यावरच्या एका संशोधकांना कळवलं होतं. संशोधकांनी उत्तरात लिहिलं : 'समुद्रातल्या काही शिंपल्यांना रक्ताच्या कर्करोगासारखा रोग होतो. एकाचा दुसऱ्याला लागत असावा, असा संशय आहे. रक्ताचा थेंब रंगवून पाहा. फुगलेल्या, गोल पेशी दिसतात का, कळवा.'

दिसल्या होत्या. काचेवर नुसती गर्दी. पण आपण साधे शाळामास्तर. रंग बिघडला असेल, डोळा चुकला असेल. पुन्हा एकदा पाहू, मग लिहू, असं म्हणत काचा डबीत गेल्या.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई फाटकाशी आली. पायाच्या बोटांनी वाळू चाचपून शिंपले काढण्यात तिचा जन्म गेलेला.

"मास्तर, हात लावला तरी मिटत नाई काही काही. मुर्द्यावानी आ वासून राह्यतेत. हे मिटनारे निवडून आनले. वरच्या डोहात सोडू का? बीज तं राहीन."

मिटणाऱ्यांच्याही रक्तात त्या पेशी सापडल्या होत्या. 'नका नेऊ' ओठांवर आलं. पण खात्री कुठे होती?

"बघा बाई, तुम्हाला जास्त कळतं."

"घ्या! शिकले तुमी, अन् कळते मले!" हसत तिनं टोपली डोईवर घेतली.

यंदा उन्हाळ्यात ती बाजारात भेटली. पुढ्यात शिंपले नव्हते, शेणाच्या गोवऱ्या होत्या.

"वरचा डोहबी गेला, मास्तर. एक जिता नाई. लोक मनतेत, मनकर्णीचा हातच वाईट."

"हात तुमचा नाही, बाई. ते आजारी होते. मला दिसलं होतं."

ती बघतच राहिली. "मंग तवा काऊन नाई बोलले?"

तिनं गोवऱ्यांवरचं फडकं नीट केलं आणि तोंड फिरवलं.

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. 'पेशी दिसल्या होत्या. काचा सोबत पाठवत आहे. वरचा डोह चांगला होता. पाणी खालून वर चढत नाही. रोग टोपलीतून गेला असावा. नेऊ का, असं मला विचारलं होतं. मी थांबवलं नाही.'

संशोधक त्या पत्त्यावर आहेत की नाहीत, कोण जाणे. पोस्ट बंद व्हायच्या आत त्यांनी पाकीट रजिस्टर केलं.