एक बोट पुढचं, दोन बोटं मागची

लतीफ मिस्त्रीनं चपला काढून दुकानाच्या दारात ठेवल्या आणि अनवाणीच माणिकरावांच्या जुन्या गाडीत, पुढच्या सीटवर जाऊन बसला. गाडी चालवून बघायची असली की तो कायम चपला काढायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री गाडीला मान देतो. त्याची बायको हलीमा नेहमीसारखी मागं बसायला निघाली, तर माणिकरावांनी हात आडवा घातला.

"भाभी, आज तुमी ऱ्हाऊ द्या. आज पुतण्या बसलाय मागं."

पुतण्या सोमेश्वर मोबाइल हातात धरून बसला होता. हलीमाचं पाऊल जागीच थांबलं. तिनं लतीफकडं बघितलं, लतीफनं समोरच्या काचेकडं बघितलं, आणि माणिकरावांनी स्टिअरिंगवर बसून गाडी काढली.

पाच वर्षांत लतीफचे दोन्ही कान गेले होते आणि जवळा बाजारात ही गोष्ट हलीमाशिवाय कुणालाही माहीत नव्हती. माणसांचं बोलणं तो ओठांवरून काढायचा. गाडीचं ऐकायला हलीमा असायची. मागं बसून सीटच्या कडेनं ती त्याच्या पाठीत बोट टेकवायची. एक बोट म्हणजे आवाज पुढून, दोन बोटं म्हणजे मागून. बाकीचं त्याच्या हातांना आणि पायांच्या उघड्या तळव्यांना कळायचं. चाळीस वर्षांचं नाव तेवढ्यावर टिकलं होतं, आणि ते गेलं की दुकानही गेलं. ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीकडं गाडी आणतो कोण?

मधे हलीमा महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला हट्टा गावाला गेली. नेमकी त्याच महिन्यात ही गाडी दारात आली. क्लच सोडला की खालून 'कट्' व्हायचं आणि वेग धरला की टकटक, असं माणिकरावांचं म्हणणं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी शाफ्ट असतो, त्याला दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, असतात. लतीफनं अंदाजानं मागचा क्रॉस बदलला. आवाज गेला नाही. पुन्हा मागचाच बदलला, यावेळी चांगल्यातला आणून. बायको येईपर्यंत थांबा, असं कोणत्या तोंडानं सांगणार होता?

तिसऱ्या खेपेला माणिकराव आले तेव्हा चिडलेले नव्हते. गोड बोलत होते. माणिकराव गोड बोलायला लागले की शहाणा माणूस चार पावलं मागं सरतो. लतीफला हे कळायला हवं होतं. पण हलीमा परत आली होती, त्या आनंदात तो गाफील राहिला.

औंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर माणिकरावांनी तोंड त्याच्याकडं वळवलं.

"येऊन राहिला का आवाज, मिस्त्री?"

लतीफनं मान तिरकी केली, कान दिल्यासारखी. पाठीवर बोट नव्हतं.

"व्हय तर. येऊन राहिला."

"कुठून?"

मागचा दोनदा बदलून झाला होता. उरला तो पुढचा.

"पुढचा क्रॉस हाय मालक. बराबर पुढून येऊन राहिला."

"लई जोरात हाय का?"

"लई."

मागं सोमेश्वर पोट धरून हसत होता. लतीफला ते आरशात दिसलं. हसायला काय झालं, ते काही त्याला कळेना. तेवढ्यात त्याच्या तळव्यांना काहीतरी लागलं. पत्र्याखाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, बारीक थरथर होती. वेग वाढला की वाढायची. ही क्रॉसची नव्हती. शाफ्टचं पुढचं टोक चार बोल्टांवर धरलेलं असतं. ते कुणीतरी नुसते हातानं फिरवून सोडले होते, पान्यानं आवळलेच नव्हते. मागचं टोक सुटलं तर शाफ्ट रस्त्यावर घासत जातो, फार तर ठिणग्या उडतात. पुढचं सुटलं तर तो जमिनीत रुततो आणि चालती गाडी उलथून टाकतो. असली एक गाडी त्यानं तरुणपणी बघितली होती. आतली माणसंही बघितली होती.

त्यानं तोंड उघडलं, पण माणिकरावांनी गाडी दुकानाकडं परत वळवली होती आणि ते त्याच्याकडं बघत नव्हते; त्यांनी उलट काही विचारलं असतं तर त्याला ते वाचता आलं नसतं.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस. दुकानापुढं पिशव्या घेतलेली माणसं उभी होती. माणिकरावांची बायको पार्वतीबाई बाकड्यावर बसून हलीमाशी बोलत होती. हलीमाच्या नातवासाठी स्वतःच्या हातानं शिवलेलं झबलं तिनं आणलं होतं.

लतीफ उतरला तो सरळ आत गेला आणि खिळ्यावरचा पाना काढून बाहेर आला. दोन मिनिटांचं काम होतं. तो गाडीखाली वाकला, तेवढ्यात माणिकराव त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले आणि त्याच्या कानाशी त्यांनी फाडकन टाळी वाजवली. लतीफ हलला नाही. पुन्हा वाजवली. बाजार हसला. लतीफला ते कळलं हलीमाचा चेहरा बघून.

"ऐका रे!" माणिकराव पुढं आले. "सोमवारीच नांदेडात पुढचा क्रॉस नवा टाकला. गाडी एकदम गप हाय. अन् आपला मिस्त्री काय म्हणतो? लई जोरात येऊन राहिला!"

सोमेश्वरनं गाडीत टिपलेलं लतीफचं बोलणं लावून मोबाइल वर धरला. कुणी 'पुन्हा लाव' म्हणालं, त्यानं पुन्हा लावलं.

"काहून छळून राहिले गरिबाला?" पार्वतीबाई उठली. "चला, बसा आता. उशीर होऊन राहिला."

"मालक, तेवढे बोल्ट..." लतीफ म्हणाला.

"ठेव तो पाना." माणिकरावांनी एकेक शब्द तोंड मोठं करून म्हटला, लहान लेकराला समजावून सांगतात तसा. "बहिऱ्याच्या हातात गाडी देऊ का मी? माझ्या घरची माणसं बसतात तिच्यात."

लतीफनं प्रत्येक शब्द वाचला. मग उठला आणि पाना आत नेऊन खिळ्याला अडकवला.

गाडी निघाली. पुढच्या खिडकीतून पार्वतीबाईनं हलीमाला हात केला. लोक पांगले. लतीफ दुकानाच्या दारात रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. गाडीनं वेग घेतला, आणि थोड्या वेळानं त्याच्या पाठीला हलीमाचं बोट लागलं. एकच बोट, घट्ट दाबलेलं.

"मालूम है मेरेकू," तो म्हणाला.

बोट तसंच राहिलं. मग ती त्याच्या पुढं आली, त्याला ओठ दिसावेत म्हणून.

"फिर बोले काइकू नै?"

लतीफ तिच्या डोक्यावरून रस्त्याकडं बघत राहिला. हलीमानं झबलं तिथंच टाकलं आणि पदर सावरत रस्त्यावर धावली. दोन्ही हात वर करून ती काहीतरी ओरडत होती. गाडी वळणाशी पोचली होती.

लतीफनं रस्त्याकडं पाठ केली आणि दारातल्या चपला पायात घातल्या.