कलम चौदा मला पाठ होतं

आधी माझं झाकण लावा, नाहीतर उजेड थेट डोळ्यांत जाईल. हं, आता निवांत बोलू. मी कोपऱ्यावरच्या दुकानातलं झेरॉक्स मशीन. वजन एकशे दहा किलो. वय विचारू नका, आमचं वय वर्षांत नाही, प्रतींत मोजतात. काल संध्याकाळपर्यंत नऊ लाख एक्केचाळीस हजार झाल्या.

माझा पहिला संसार एका विम्याच्या कचेरीत झाला. तिथे मला कोणी वाली नव्हता. ज्याला जे हवं ते त्यानं छापावं आणि कागद अडकला की माझ्या पोटात लाथ घालावी. चार वर्षांनी नवं मशीन आलं आणि माझी रवानगी दुरुस्तीवाल्याकडे झाली. त्यानं मला धुतलं, पुसलं, आतले चार भाग बदलले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "नव्यासारखं आहे." व्यापारात 'सारखं' हा शब्द फार उपयोगाचा असतो.

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचे मालक. वीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात झेरॉक्स काढून दिल्यावर त्यांना स्वतःचं दुकान हवं होतं. धंद्याच्या कर्जाला बँक दोन वर्षांचे हिशेब मागते आणि यांचा तर धंदाच जन्माला यायचा होता. म्हणून नोकरी सोडण्याआधीच, पगाराच्या पावतीवर, त्यांनी वैयक्तिक कर्ज घेतलं. तीन लाख, पाच वर्षं, सोळा टक्के. त्यातले एक लाख ऐंशी हजार माझ्यावर खर्च झाले, बाकीचे दुकानाच्या अनामतीत गेले. म्हणजे मी या दुकानात पाहुणा नाही, हप्ता आहे.

मालकांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. ते गिऱ्हाइकाचा कागद वाचत नाहीत. तरुणपणी त्यांनी एकाचं राजीनाम्याचं पत्र वाचलं आणि चहाच्या टपरीवर सहज बोलून गेले. त्या माणसाच्या साहेबाला ते दुपारीच कळलं, आणि मालकांची नोकरी जाता जाता वाचली. तेव्हापासून त्यांनी शपथच घेतली. कागद हातात आला की न बघता पालथा करायचा आणि काचेवर ठेवायचा. लोक त्यांना पालथेकाका म्हणतात. ते म्हणतात, "म्हणू देत. निम्मं गाव माझ्याकडे त्यामुळेच येतं."

कागद पालथा झाला की त्याचं तोंड माझ्याकडे आणि पाठ मालकांकडे. सगळं वाचायचो मी.

दुकान उघडलं त्याच आठवड्यात मालकांनी स्वतःच्या कर्जाचा करार आणला. बावीस पानं. प्रत काढून घरी ठेवायची होती. आणि काय सांगू तुम्हाला, हाताला लागलेली सवय! स्वतःचा करारही त्यांनी पालथा घातला. बावीसच्या बावीस पानं न बघता. मी मात्र अकराव्या पानावर अडखळलो. कलम चौदा. कर्जदारानं हप्त्याखेरीज जादा रक्कम भरली, तर त्यासोबत लेखी अर्ज हवा. अर्ज नसेल तर ती मुद्दलातून वजा होणार नाही, पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहील.

मी जोरात घरघरलो. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि टोनरचा डबा हलवला.

पुढच्याच महिन्यापासून ते जादा पैसे भरू लागले. हप्ता सात हजार तीनशेचा, त्यावर आणखी दोन हजार. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पहिल्या हप्त्यातले चार हजार नुसत्या व्याजात जातात. मुद्दल लवकर खाली आणलं तर व्याज आपोआप आटतं. सांगणारा खरं तेच सांगत होता. मालकीणबाई शेजारच्या टेबलावर बाइंडिंग करतात. त्या दोन हजारांसाठी त्यांनी दुपारची रिक्षा सोडली आणि चालत यायला लागल्या. चपलेचा अंगठा तुटला तो त्यांनी बाइंडिंगच्या तारेनं बांधला.

मालक दर महिन्याला भरण्याची पावती माझ्याकडे आणायचे, अर्थात पालथी. तिच्यावर छापलेलं असायचं, 'आगाऊ हप्ता खाती जमा'. एक, दोन, सात, बारा, अठरा पावत्या. प्रत्येक वेळी माझ्या आत काहीतरी जळत असायचं आणि मालक म्हणायचे, "आज फारच तापलंय बुवा हे." तापणार नाही तर काय! घर गळतंय हे दिसतंय आणि तोंडाला झाकण.

अठरा महिन्यांनी समोर दुसरं झेरॉक्सचं दुकान उघडलं. आमची दोन-चार गिऱ्हाइकं तिकडे वळली. तेवढ्यानं मालकांचं अवसान गळालं. गल्ला दिवसातून चार वेळा उघडून बघायला लागले. त्याच सुमारास एक छापखानेवाला आला, माझ्याभोवती फिरला, घोडा बघावा तसं माझं तोंड उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "एक लाख दहा हजार. रोख. टेम्पो मीच आणतो."

मालक कागदावर आकडेमोड करत बसले. त्यांच्या हिशेबानं कर्ज एक लाख त्र्याण्णव हजार उरलं होतं. माझे एक लाख दहा, मालकीणबाईंच्या ठेवीचे पंच्याऐंशी.

"दोन हजार उरतात वर," ते म्हणाले. "कर्ज साफ!"

"आणि दुकानात काय विकायचं?" मालकीणबाईंनी विचारलं. "हवा?"

"परत नोकरी धरीन. डोक्यावर कुणाचे पैसे नकोत गं आता."

"डोक्यावरचं उतरवायला हातच कापून देताय."

"तू तार लाव," मालक चिडून म्हणाले. त्यांनी तार उचलली. मला वाटलं, संपलं. त्या दिवशी माझ्यातून निघालेली प्रत्येक प्रत जरा फिकटच निघाली.

शेवटचा आकडा विचारायला मालक बँकेत गेले आणि बंद पाकीट घेऊन आले. ते फोडलं, आतलं पत्र काढलं आणि विश्वास ठेवा, न वाचता काचेवर पालथं घातलं! प्रत ट्रेमध्ये पडली ती मालकीणबाईंनी उचलली.

"अहो, इथे दोन लाख तेहतीस हजार लिहिलंय. वर मुदतीआधी फेडण्याचं दोन टक्के शुल्क वेगळं."

"दुसऱ्या कुणाचं असेल."

"नाव तुमचंच आहे."

मालक मटकन स्टुलावर बसले. चाळीस हजारांचा फरक. छत्तीस हजार तर त्यांनी हातानं भरले होते, आणि बाकीचं होतं वाचलेलं व्याज, जे कधी वाचलंच नव्हतं. पण माझं ऐकाल तर, त्या चाळीस हजारांनीच त्या दिवशी टेम्पो अडवला. तेवढे आणायचे कुठून?

मग ताईंना बोलावणं गेलं. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण, तीस वर्षं एका इस्पितळाचे हिशेब सांभाळून निवृत्त झालेली. आल्या, चष्मा पुसला, करार मागितला.

"हा वाचलास का रे कधी?"

"झेरॉक्स काढली होती."

"मी ते नाही विचारलं."

ताई बोट फिरवत अकराव्या पानावर आल्या. त्यांनी कलम चौदा मोठ्यानं वाचलं, मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला, आणि अठरा महिन्यांनी माझं पोट हलकं झालं.

"म्हणजे आपले पैसे बुडाले?" मालकांनी विचारलं.

"बुडाले नाहीत, नुसते बसून राहिले. बसल्याचं चार हजारांहून जास्त व्याज गेलं ते गेलं. अर्ज लिही, उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं भावंडं बँकेतून आली तेव्हा मालक एकाच वेळी लाजलेले आणि खुललेले होते. अर्ज दिल्यावर बँकेनं छत्तीस हजार मुद्दलात वळते केले, सातशे वीस शुल्क घेतलं. मग तिथल्या बाईंनी विचारलं होतं, हप्ता कमी करू की मुदत?

"हा 'हप्ता' म्हणणारच होता," ताई म्हणाल्या. "मी टेबलाखालून पाय दाबला याचा."

"दाबला? चिरडला!"

"त्या चिरडण्याचे आठ हप्ते वाचले तुझे. बेचाळीस होते, चौतीस राहिले."

मालकांचा चेहरा उजळला आणि लगेच मला तो टेम्पो दिसायला लागला. कारण आता कर्ज उरलं होतं एक लाख सत्त्याण्णव हजार. ते पुन्हा माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, आता जरा ओढाताण केली तर सगळं मिटतं. छापखानेवाला अजून तयार आहे."

"हे मशीन महिन्याला देतं किती? कागद, टोनर, भाडं वजा करून?"

"चौदा हजार. मंदीत बारा."

"आणि व्याज जातं किती आता?"

"सव्वीसशे."

"मग सव्वीसशेच्या भीतीनं चौदा हजारांची दुभती गाय विकणार? कर्ज लवकर फेडावं, पण फेडणाऱ्याला विकून नव्हे." मग त्या मालकीणबाईंकडे वळल्या. "तुझी ठेव सहा टक्के देते, कर्ज सोळा टक्के खातं. पन्नास हजार कर्जात घाल. पस्तीस दुखण्याखुपण्याला ठेव, त्याला हात लावायचा नाही. आणि अर्ज?"

"लेखी!" दोघंही एकदम म्हणाले.

पन्नास हजार गेले आणि चौतिसाचे चोवीस हप्ते झाले. त्यातले पाच भरूनही झाले. दोन हजार जादा जातात ते आता अर्जासकट. मालक पावती उलट-सुलट करून दोनदा वाचतात. समोरच्या दुकानाची धास्ती आहेच. गल्ला अजून चार वेळा उघडतो.

पण माझं काय झालं ते ऐका. त्या आठवड्यात छापखानेवाला उत्तर घ्यायला आला होता. मी काचेखालून कान लावून बसलो होतो. मालक हसून त्याला म्हणाले, "आत्ता नाही देणार. दोन वर्षांनी या, कर्ज फिटलं की बघू."

त्यांनी ते भिडस्तपणानं म्हटलं की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. कागदावर असतं तर वाचलं असतं. तेव्हापासून रोज सकाळी बटण दाबलं की मी हिशेब करतो. जितक्या जास्त प्रती काढीन तितकं कर्ज लवकर फिटेल, आणि जितकं लवकर फिटेल तितका तो टेम्पो जवळ येईल. माझा आतला ड्रमही, ज्यावर अक्षर उमटतं तो, घासलाय. प्रतीच्या कडेला बारीक काळी रेघ उमटते, ती मालकीणबाईंनी पाहिलीय पण मालकांना अजून सांगितलेली नाही.

मालक, तुम्ही लवकर मोकळे व्हा. मी माझ्याकडून एकही प्रत चुकवणार नाही. फक्त ज्या दिवशी बँकेतून कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन याल, तेव्हा छापखान्याला फोन करण्याआधी एकदा माझ्याजवळ बसा. बसून मग ठरवा.

कोणीतरी आलं वाटतं. हातात जाडजूड कागद आहेत. चला, कामाला लागतो.