मागल्या दारचा दरबार

खुशबू हे नाव निळ्या शाईच्या एका रेघेनं खोडलं होतं, पण खोडणारीचा हात हलका असावा, कारण रेघेखालून ते अजून सरळ वाचता येत होतं आणि त्याच्या खाली मंजूनं आपलं नाव घातलं होतं – वहीला खाकी कव्हर, कोपऱ्यावर तेलाचा डाग... यशोदाबाई तांदूळ निवडत होती, आणि सुपातल्या खड्यांपेक्षा तिची नजर त्या रेघेवरच पुन्हा पुन्हा जात होती. सून मोठ्यानं वाचत होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष, एप्रिलात पेपर, आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय हिच्या डोक्यात काही शिरत नाही, हे एव्हाना शेजारच्या दोन घरांनाही ठाऊक झालं होतं.

"युरोपातल्या दरबारांत राणीच्या खाजगी महालातल्या उमराव स्त्रियांना कोणतंही मोठं पद नसे," मंजू वाचत होती. "पण राणीचे केस विंचरताना, तिला पोशाख चढवताना कोणाचं गाऱ्हाणं तिच्या कानावर घालायचं आणि कोणाचं नाही, हे त्या ठरवत. म्हणून परदेशी वकील आधी या बायकांकडे नजराणे पाठवत."

"काय पाठवत?"

"हातमोजे, अत्तरं, मोत्यांच्या माळा... पेपरात येते हे, आई."

यशोदाबाईला हसू आलं. मोत्यांच्या माळा! तिच्या वाट्याला लाखोरीची भाजी यायची, तलावातले शिंगाडे यायचे, एकदा तर कोणीतरी पिसं न काढलेली कोंबडी आणून दिली होती. पण ते यायचं कशासाठी, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे! तिचा नवरा पुनाराम तलावाच्या पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. तलाव त्याच्या पूर्वजांनी खोदलेला, हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचाच. पुरुष पुढच्या ओसरीवर त्याच्याशी भांडायला यायचे आणि बायका मागल्या दारी तिच्याकडे. दुपारी पहिला घास घेण्याआधी तो विचारायचा, "आज कोन येऊन गेला?" मग ती भात वाढता वाढता नावं सांगायची – अमकीच्या धानाच्या बांधीत पाणी चढत नाही, तमकीचं रोवणं अडलंय – आणि जेवण उरकून तो पाटकऱ्याला सांगायचा, उद्या कोणाचा पाट सोडायचा ते. बत्तीस वर्षं हे असंच. संस्थेच्या सभेत ती कधी गेली नव्हती, कुठल्या कागदावर तिची सही नव्हती. सगळं पाणी मात्र तिच्या जिभेवरून जायचं. हे तिला आवडायचं. आता कबूल करायला काय हरकत आहे... फार आवडायचं.

"आणि हे बघा, इथं खुशबूनं पेन्सिलनं काय लिहून ठेवलं," मंजू वही तिरपी करत म्हणाली. "'पण जे गाऱ्हाणं पोचलंच नाही, त्याचं काय?' पुस्तकात तं कुठंच नाई हे."

सुपातले तांदूळ एका बाजूला सरकले. यशोदाबाईनं ते पुन्हा मधे आणले. खुशबूला माहीत असेल का? तिच्या आईनं सांगितलं असेल? पण आईला तरी काय माहीत... भागीरथा तर निरोप देऊन गेली होती, तिच्या लेखी तो पोचलाच होता; पोचूनही पुनारामनं पाणी दिलं नाही, असंच ती समजत असणार. म्हणजे त्याला तळतळाट देतेय ती, मला नाही. माझ्याऐवजी त्याला...

गेल्या आश्विनातली सकाळ होती. भागीरथा मागल्या दारी आली तेव्हा तिच्या पायांना कोरड्या बांधीची धूळ होती. पाटाच्या शेपटाकडचं तिचं दीड एकर, पाणी तिथवर पोचेस्तोवर दम सोडतो. "धान निसवून राहिला, बाई," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "दोन दिवसात पानी नाई भेटला तं सारा पोचट होते. भाऊले सांगजा, पाळी आमची नाई, पन एक रात पाट सोडा म्हना." हात जोडले नाहीत. मागणं मागावं तसं नाही, आपलंच मागावं तसं बोलली. यशोदाबाईनं चहा दिला. नेहमीचाच, नेहमीच्याच स्टीलच्या कपात – जो न्हाणीच्या बाजूच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो, धुऊन पालथा, भागीरथाच्या वस्तीवरच्या माणसांसाठी. सासूच्या काळापासून तो तिथं होता आणि तिनं कधी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. भागीरथानं पाहिलं. कप घेतला, कट्ट्यावर ठेवला, आणि निरोप पुन्हा एकदा नीट सांगून चालती झाली. चहा तसाच. त्यावर साय धरली, एक माशी बसली, तरी यशोदाबाई त्याच्याकडे बघत उभी होती आणि तिच्या कानशिलांत गरम गरम काहीतरी चढत होतं – माझ्या दारात येऊन, माझ्याकडे मागून, माझाच चहा...

"आज कोन येऊन गेला?" दुपारी पुनारामनं विचारलं. तिनं तीन नावं सांगितली.

"आनखी?"

"कोनी नाई."

एवढंच. वाटलं होतं, उद्या सांगू. एक दिवस कळू दे हिला. पण त्याच दुपारी त्यानं पुढच्या चार दिवसांचे पाट ठरवून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणजे काल का नाही सांगितलं, हे सांगणं आलं. पाचव्या दिवशी तलावाचं तोंड बंद झालं. दिवाळीनंतर भागीरथाच्या खळ्यात नुसता कोंडा उडाला म्हणतात. पुढं मायलेकी नागपूरला गेल्या, कुठल्याशा खानावळीत पोळ्या लाटायला. खुशबू वर्गात पहिली यायची. जाताना वही मंजूला देऊन म्हणाली, तुम्ही तरी पेपर द्या वहिनी.

ओसरीवर चपलांचा आवाज झाला. पुनाराम हातपाय धुऊन पाटावर बसला. तिनं ताट मांडलं, भात वाढला, वर वरण घातलं, आणि वरणाचा ओघळ भाताच्या कडेनं ताटात उतरताना बघत राहिली.

"आज कोन येऊन गेला?"

फाल्गुनात कोण येणार? तलाव अर्धा, पाट बंद. तरी नाव अगदी ओठाशी आलं. सांगून टाकावं. तो क्षणभर घास धरून बघेल, मग म्हणेल, जाऊ दे वो, झालं ते झालं. हात धुवेल आणि झोपेल. आणि आपणही झोपू, आश्विनानंतर पहिल्यांदा गाढ... या विचारानं तिला जरा हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. पुन्हा त्याच्याच कानाशी! सांगायचं तर त्याला नव्हतंच. ज्यांना सांगायचं त्या नागपुरात पोळ्या लाटत होत्या, आणि तिथं मधे घालायला कोणी नव्हतं.

"कोनी नाई," ती म्हणाली. आज ते खरं होतं, तरी तिचा आवाज चोरासारखा आला.

तो जेवून उठला. मंजू पुन्हा वही घेऊन बसली होती. यशोदाबाई उष्टं ताट हातात धरून तिच्यासमोर उभी राहिली.

"खुशबूचा नंबर आहे का तुह्याजवड?"

"आहे ना." मंजूनं वर पाहिलं. "काऊन, आई?"

काऊन... बत्तीस वर्षं या घरात तिला कोण आलं तेवढंच विचारलं गेलं होतं. अमकीचं नाव का घेतलं, तमकीचं का नाही, हे ना नवऱ्यानं विचारलं, ना तिनं स्वतःला. ताटातलं वरण तिच्या मनगटावर ओघळत होतं. मंजू वाट बघत होती. उत्तर काही अवघड नव्हतं, जिभेवरच होतं, आणि इतकं एवढंसं होतं की त्याच्यापायी दीड एकर धान वाळला, हे म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होणार होतं – तिनं माझा चहा पिला नाही म्हणून.